दुधाचा डबा आणि चुलीचा हिशेब



एचआयव्हीबाधित मातेने बाळाला अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः गेल्या चाळीस वर्षांत त्याची जी उत्तरे दिली गेली आणि मागे घेतली गेली, त्यांचा निकाल प्रयोगशाळेइतकाच पाणी, सरपण आणि औषधांच्या किमती यांनी लावलेला आहे.

मातेच्या दुधातून हा विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, हे १९८५ साली निदर्शनास आले. कोणताही उपचार नसेल तर स्तनपानातून संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा ५ ते २० असते. अमेरिकेने त्याच वर्षी सल्ला दिला की अशा मातांनी अंगावर पाजू नये. घरात शुद्ध पाण्याचा नळ, गॅसची शेगडी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असेल, तर हा सल्ला त्या काळी गैर नव्हता. परंतु तोच पुढे गरीब राष्ट्रांच्या गळी उतरला.

बोत्स्वानाचे उदाहरण या संदर्भात मुळापासून तपासण्याजोगे आहे. हिऱ्यांच्या उत्पन्नावर उभे असलेले, आफ्रिकेच्या मानाने सुस्थितीतले आणि बऱ्यापैकी कार्यक्षम असे हे राज्य. तेथील सरकारने बाधित मातांना वर्षभर दुधाची भुकटी मोफत देण्याची योजना आखली. हेतू निःसंशय चांगला होता. २००५ च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि अतिसाराची साथ उसळली. २००६ च्या पहिल्या तीन महिन्यांत पाच वर्षांखालील पाचशेहून अधिक मुले दगावली. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत ही संख्या पंचविसाच्या आत होती. तपासात आढळले की इस्पितळात आलेल्या बालकांपैकी बहुतेक सर्व वरच्या दुधावरची होती. डब्यांचा पुरवठाही पुरेसा होत नव्हता.

डबा मोफत होता, हे खरे. पण पाणी आणणे, ते उकळणे, त्यासाठी सरपण जमवणे, रात्री दोनदा उठून चूल पेटवणे, हा खर्च सरकारी अंदाजपत्रकात कोठेच नव्हता. तो बाळंतिणीच्या अंगावर पडला होता. शिवाय डबा हातात दिसला की आळीला आजार कळतो. ‘हिने दूध का तोडले?’ हा सासूचा प्रश्न कोणत्याही जमाखर्चात मांडता येत नाही, पण त्याची किंमत घरातून हाकलले जाण्याइतकी असू शकते.

दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील संशोधकांनी १९९९ साली एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. पहिले तीन महिने निव्वळ अंगावर पाजलेल्या बाळांपैकी शेकडा १४.६ बाधित झाली, तर अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही मिळालेल्यांपैकी शेकडा २४.१. म्हणजे धोका दुधापेक्षा भेसळीत अधिक होता. आपल्याकडचा मध, साखरपाणी आणि बाळगुटी या ठिकाणी आठवावी! त्याच प्रांतातील २००७ च्या अभ्यासात तीन महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण वरच्या दुधावरील बाळांत शेकडा १५.१ आणि निव्वळ अंगावरच्यांत ६.१ निघाले. अखेर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेने मोफत डबे वाटणे बंद करण्याचे ठरवले.

तथापि हा कूटप्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो औषधांमुळे, आणि औषधे आवाक्यात आली ती किमती कोसळल्यामुळे. वर्षाला १० ते १५ हजार डॉलर पडणारा तीन औषधांचा संच मुंबईच्या सिप्लाने फेब्रुवारी २००१ मध्ये ३५० डॉलरला देऊ केला. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनावर मक्ता मिळत नव्हता, म्हणूनच हे शक्य झाले. २००५ मध्ये ती तरतूद बदलली. आता माता नियमित गोळ्या घेत असेल तर स्तनपानातून वर्षभरात होणारा संसर्ग शेकडा एकाच्याही खाली राहतो. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते की अशा मातेने किमान वर्षभर पाजावे, दोन वर्षे व त्यापुढेही पाजता येईल, आणि वरचे काही दिले गेले म्हणून दूध तोडू नये.

सारी भिस्त अशा रीतीने मातेच्या गोळ्यांवर आली. पण बाळ सुखरूप जन्मले की आईकडे कोण पाहते? बाळंतपणानंतर गोळ्या चुकण्याचे प्रमाण वाढते, असा सर्वत्र अनुभव आहे. पुण्यात ७१५ बाधित मातांच्या अभ्यासात २४ जणींना बाळंतपणानंतरच्या वर्षभरात क्षय झाला. त्यामुळे त्यांच्या आणि बाळांच्याही मृत्यूचा धोका वाढला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अंगावर पिणाऱ्या बाळाचा विचार करताना पाजणारीचे अंग गृहीत धरले जाते, ही या सर्व चर्चेतील जुनी खोड आहे.

ऊसतोडणीला गेलेली बाधित बाळंतीण डोळ्यांपुढे आणावी. गोळ्यांचे केंद्र गावाकडे, फड दुसऱ्या जिल्ह्यात. पहाटे कोयता घेऊन निघताना बाळ कोपीत थोरल्या मुलीपाशी. दिवसा मिळेल ते वरचे दूध, रात्री अंगावरचे. सव्वीस आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. तो फडापर्यंत पोचत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये कबूल केले. २०१७ च्या योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते ५,००० वर आणले. कायद्यातील पूर्ण रक्कम हाती पडली असे मानले, तरी निव्वळ अंगावर पाजण्याच्या सहा महिन्यांत ती दिवसाला ३३ रुपये पडते. तेवढ्यात तिने फडावर न जाता घरी राहावे, अशी अपेक्षा आहे.