बंदूक कोणाच्या हातीं द्यावी?



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं एक गृहस्थ माझ्या कचेरींत आले. धाराशिवचेच राहणारे, पेशानें शिक्षक, वृत्तीनें अत्यंत सरळ. त्यांचे वडील दोन महिन्यांपूर्वीं वारले होते. वडिलांच्या मागें घर, थोडी जमीन आणि एक बारा बोअरची दुनळी बंदूक राहिली होती. चिरंजीवांना बंदुकीचा नाद नाहीं. घरांत लहान मुलें, आणि पत्नीला त्या वस्तूची नेहमींचीच धास्ती. तेव्हां ती विकून टाकावी असें ठरलें, आणि गिऱ्हाईकही आपण होऊन दारीं आलें. वडिलांचे जिवलग स्नेही, कळंब तालुक्यांतील एक वृद्ध बागाईतदार. रानडुकरें उसाची नासधूस करितात, म्हणून त्यांना बंदूक हवी होती, आणि आदल्याच संध्याकाळीं ते रोख रक्कम घेऊन घरीं येऊन बसले होते.

"वकीलसाहेब," गृहस्थ म्हणाले, "काकांना मी लहानपणापासून ओळखतों. त्यांच्याजवळ परवानाही आहे. आपण फक्त एक विक्रीचा कागद करून द्या, म्हणजे झालें."

मीं त्यांना विचारलें, "बंदूक सध्यां आहे कोठें?"

"घरांतच. वडिलांच्या कपाटांत."

तेथूनच आमच्या बोलण्याला प्रारंभ झाला, आणि आजच्या भाषणालाही मी तेथूनच प्रारंभ करतों.

बंदुकीचा परवाना मनुष्याला दिलेला असतो, घराला नव्हे. परवानाधारक निवर्तला कीं ती बंदूक घरांत ठेवण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें २१ वें कलम असें सांगतें कीं, अशा वेळीं शस्त्र आणि काडतुसें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावींत. दुःखाच्या दिवसांत, तेराव्याच्या गडबडींत, हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. सातबारावर वारसाची नोंद लावण्यासाठीं मुलगा तलाठ्याकडे चार खेपा घालतो. कपाटांतील बंदूक मात्र जेथल्या तेथें राहते. वस्तुतः त्या कपाटाचें दार बंद ठेवून तो नकळत एक गुन्हा करीत असतो. शस्त्र जमा केल्यानें वारसाची मालकी बुडत नाहीं. ठराविक मुदतींत स्वतःच्या नांवें परवाना मिळविला तर तें परत मिळतें. नको असेल तर पात्र अशा मनुष्याला विकून त्याचे पैसे घेतां येतात. मुदत टळून गेली मात्र, तर तें सरकारजमा करण्याचा हुकूम जिल्हादंडाधिकारी देऊं शकतात.

"पात्र अशा मनुष्याला" हे जे तीन शब्द मीं आतां उच्चारले, त्यांच्यांतच सगळें प्रकरण सांठविलेलें आहे.

या जिल्ह्याला शस्त्रांचे हस्तांतर कांहीं नवें नाहीं. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ आपल्या परांड्याच्या किल्ल्यांत होती. १६३२ मध्यें ती तेथून विजापुरास नेली, आणि तेथील बुरुजावर ती आजही पाहावयास मिळते. घेणाराची पात्रता त्या वेळीं कोणीं तपासली नसावी. ज्याच्या मनगटांत जोर त्याची तोफ, हाच त्या काळचा परवाना. पुढें इंग्रजी मुलखांत लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. प्रजा निःशस्त्र ठेवावी हा त्याचा हेतु उघड होता, आणि गोऱ्या लोकांना त्यांतून सूट होती हेंही तितकेंच उघड होतें. उस्मानाबाद जिल्हा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. १९४७-४८ सालच्या रझाकारांच्या दहशतीचे दिवस ज्यांनीं काढले, त्या पिढीच्या दृष्टीनें गांवांत बंदूक कोणाच्या घरीं आहे हा प्रश्न प्राणांचा प्रश्न होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला, तरी ती आठवण कांहीं पुसली नाहीं. जुन्या घरांतून बापजाद्यांच्या बंदुकीविषयीं जो एक जिव्हाळा आढळतो, त्याचें मूळ पुष्कळदां तेथें असतें. मी त्या जिव्हाळ्याला हंसत नाहीं. पण १९६२ च्या १ ऑक्टोबरपासून अमलांत आलेला आपला स्वतंत्र देशाचा कायदा वेगळ्या भूमिकेवर उभा आहे. नागरिकाला शस्त्र बाळगतां येईल, मात्र तो कोण आहे हें आधीं पाहिलें जाईल, अशी ती भूमिका आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खासगी मनुष्याला आपली बंदूक दुसऱ्या खासगी मनुष्यास विकतां येते काय? येते. त्यासाठीं दुकानदाराचा परवाना लागत नाहीं. पांचव्या कलमानें ही मुभा दिली आहे, पण तिला दोन अटी जोडल्या आहेत. पहिली अशी कीं, आपण बंदूक विकूं इच्छितों हें, आणि घेणाराचें नांव व पत्ता, जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावें. दुसरी अशी कीं, कळविल्यापासून निदान ४५ दिवस उलटल्यावांचून बंदूक हातावेगळी करूं नये. हे पंचेचाळीस दिवस लोकांना फार जड जातात. बैल विकावयाचा तर येरमाळ्याच्या किंवा कोठल्याही बाजारांत सकाळीं सौदा ठरतो आणि दुपारीं दावें दुसऱ्याच्या हातीं जातें. येथें दीड महिना थांबावयाचें! परंतु हा दीड महिना विकणाराच्याच कल्याणाचा आहे. घेणाराची चौकशी करण्याचीं साधनें आपल्याजवळ नसतात. तीं ज्यांच्याजवळ आहेत त्यांना हा अवकाश दिलेला असतो.

असें म्हटल्यावर कोणी म्हणेल, मग आपलें काम संपलें. अर्ज द्यावा आणि स्वस्थ बसावें. तसें नाहीं. याच कायद्याचें २९ वें कलम मी सर्वांत महत्त्वाचें मानतों. समोरचा मनुष्य तें शस्त्र बाळगण्यास हक्कदार आहे आणि त्यास मनाई नाहीं, याची आधीं खात्री करून न घेतां जो कोणी शस्त्र त्याच्या ताब्यांत देतो, तो तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो. शब्दांकडे नीट लक्ष द्यावें. अपात्र मनुष्याला जाणूनबुजून दिलें, एवढाच गुन्हा नव्हे. खात्री करून न घेणें हाच गुन्हा. "मला ठाऊक नव्हतें" ही सबब येथें उलट अंगावर येते. अमेरिकेंत १९९३ च्या कायद्यानें गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी दुकानदारावर बंधनकारक केली, तरी खासगी विक्रेत्यावर केंद्रीय कायद्यानें ती घातलेली नाहीं. कांहीं राज्यांनीं आपापल्यापुरती घातली आहे. आपल्याकडे तें ओझें प्रथमपासूनच देणाराच्या खांद्यावर आहे.

आणि "देणें" याचा अर्थही कायद्यानें रुंद केला आहे. विकणें, बक्षीस देणें, भाड्यानें देणें, इतकेंच नव्हे तर उसनी देणें हेंही हस्तांतरच होय. पुतण्याच्या वरातींत दोन बार काढण्यासाठीं म्हणून बंदूक मागून नेणारे पाहुणे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. अशा आनंदाच्या बारांना २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. बंदूक देणाराला २९ वें कलम आहेच.

मग खात्री करावयाची ती कशी? घेणाराचा मूळ परवाना हातांत घेऊन पाहावा. त्याचें छायाचित्र पाहून भागत नाहीं. त्याची मुदत पाहावी. पूर्वीं ती तीन वर्षांची असे, २०१९ पासून पांच वर्षांची झाली आहे. कोणत्या प्रकारच्या शस्त्रासाठीं परवाना आहे आणि त्यावर आधींच किती शस्त्रें चढलीं आहेत हें वाचावें. एका मनुष्याला पूर्वीं तीन बंदुका ठेवतां येत, आतां दोनच येतात, आणि वारसाहक्कानें आलेलीही त्यांतच मोजली जाते. राष्ट्रीय नोंदींतील विशिष्ट ओळखक्रमांक परवान्यावर असला पाहिजे. परवान्यावर उस्मानाबाद असें जुनें नांव दिसलें तर दचकण्याचें कारण नाहीं. जिल्ह्याचें नांव २०२३ मध्यें बदललें, कागद त्यापूर्वींचा असूं शकतो. वय २१ वर्षें पूर्ण असावें. बंदुकीबरोबर काडतुसांचा डबा सहज म्हणून देण्याची चाल आहे, तीही सोडावी, कारण काडतुसांनाही हेच नियम लागतात. सूचनेचा अर्ज दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी, आणि ती पोच बंदुकीच्या किंमतीपेक्षां अधिक जपावी.

परवान्यावर जें लिहिलेलें नसतें तें अधिक अवघड असतें. नवव्या कलमानें कांहीं माणसांना बंदुकीची बंदीच आहे. मारहाणीच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यासाठीं कैद भोगलेला मनुष्य सुटकेनंतर पांच वर्षेंपर्यंत, आणि शांतता राखण्याचा अथवा चांगल्या वर्तणुकीचा जामीन ज्यानें दिला आहे तो त्या जामिनाची मुदत संपेपर्यंत. आपल्या खेड्यांतून या दुसऱ्या प्रकाराला "चॅप्टर केस" म्हणतात, आणि ती कोणी गुन्ह्यांत जमाच धरीत नाहीं. बांधावरून भाऊबंदकी झाली, निवडणुकींत दोन गट समोरासमोर आले, तहसिलींत जाऊन दोघांनीं बंधपत्र लिहून दिलें, आणि परत येतांना एकाच हॉटेलांत चहा घेतला. "आपल्यावर एकही केस नाहीं" असें तो मनुष्य पुढें अगदीं प्रामाणिकपणें सांगतो. पण त्या मुदतींत त्याच्या हातीं बंदूक गेली, तर ज्या बांधावरून तें बंधपत्र झालें तो बांध अजून तेथेंच असतो.

मनाची स्थिति हा याहून नाजूक विषय आहे. ज्याचें मन ठिकाणावर नाहीं असें आपल्याला ठाऊक आहे, किंवा तसें मानण्यास कारण आहे, त्याला बंदूक देतां येत नाहीं. या बाबतींत पोलिसांपेक्षां शेजाऱ्याला अधिक कळतें. कोण अलीकडे फार पिऊं लागला आहे, कोण कर्जानें आणि सलग दोन हंगामांच्या नापिकीनें खचून अबोल झाला आहे, हें कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं. या जिल्ह्यानें अशीं घरें पुष्कळ पाहिलीं आहेत. अशा माणसाला "आतां नको" म्हणणें हा त्याचा अपमान नव्हे. आणि नुसतें नको म्हणून उठून जाण्यापेक्षां त्याच्याजवळ घटकाभर बसून विचारपूस करावी, त्याच्या घरच्यांच्या कानांवर घालावें.

आतां आमच्या गृहस्थांकडे परत येतों. त्यांनीं त्याच दुपारीं ठाण्यावर जाऊन बंदूक जमा केली व पावती घेतली. विक्रीची सूचना लिहिण्यासाठीं काकांचा परवाना मागविला, तेव्हां काकांना तें मुळींच रुचलें नाहीं. "तुझ्या बापानें मला जन्मांत कधीं कागद मागितला नाहीं," असें ते म्हणाले, आणि चहा न घेतां उठून गेले. गृहस्थ फार कष्टी झाले. त्यांनीं मला विचारलें, "वकीलसाहेब, एवढ्यासाठीं वडिलांचा स्नेह तोडावयाचा का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं एवढेंच विचारलें कीं, काकांचें वय किती? शहात्तर, आणि दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. मग रात्रीं उसांत डुकरांवर नेम धरणार तो कोण?

हा प्रश्न आम्हांला आधींच सुचावयास हवा होता. कागदावर ज्याचें नांव तो एक आणि बंदूक वापरणार तो दुसरा, असें कितीदां तरी घडतें. परवाना आजोबांचा आणि हात नातवाचा! आठवड्यानें काकांनीं परवाना पाठविला. त्याची मुदत आदल्याच वर्षीं संपली होती, आणि हें खुद्द काकांनाही ठाऊक नव्हतें. पैसे दिले होते त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनीं, आणि त्या चिरंजीवांनीं शेजारच्या शेताच्या वादांत सहा महिन्यांपूर्वींच शांततेचें बंधपत्र लिहून दिलेलें होतें. डुकरें मारावयाचीं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, तीही कोणीं काढलेली नव्हती. मुलगा वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. तो वाद पुढें समजुतीनें मिटलाही. पण त्या पहिल्या संध्याकाळीं रोख रक्कम घेऊन बंदूक दिली गेली असती, तर ती त्या वादाच्या ऐन मध्यावर जाऊन पडली असती, आणि देणारे असते एक शाळामास्तर, ज्यांनीं आयुष्यांत कोणावर हातही उगारला नाहीं.

काकांचे पैसे त्यांना परत गेले. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करावयाचा कीं नाहीं, याचा विचार काका अजून करीत आहेत. उसाभोंवतीं त्यांनीं सध्यां तारेचें कुंपण घातलें आहे. बंदूक ठाण्याच्या कोठारांत आहे आणि पावती गृहस्थांच्या पाकिटांत. एका परवानाधारक विक्रेत्यामार्फत ती विकावी असें आतां त्यांच्या मनांत आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला काका मात्र आले होते. पंगतींत ते पहिल्या पाटावर बसले, आणि जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनीं विचारलें, "वकीलसाहेब, तें पंचेचाळीस दिवसांचें काय तें मला एकदां नीट सांगा बरें, आमच्या गांवांत आणखी दोघांकडे अशा बंदुका पडून आहेत."