व्यवस्थापन प्रशिक्षण आणि प्रशिक्षणार्थींची पारख

सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात कलम २४अ दाखल झाले आणि सभासद, पदाधिकारी व कर्मचारी यांना सहकाराचे शिक्षण आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी प्रत्येक सहकारी संस्थेवर आली. सराफा, कापड आणि किराणा यांच्या ठोक व्यापारावर जगणाऱ्या नागपूरच्या इतवारीसारख्या पेठेत, जिथे पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका यांच्याशी लहान व्यापाऱ्याचा रोजचा संबंध येतो, तिथे या तरतुदीचे महत्त्व केवळ कागदोपत्री नाही; कारण शाखाधिकाऱ्याने घेतलेल्या एका चुकीच्या निर्णयाची किंमत अखेर ठेवीदाराला मोजावी लागते. तरीही व्यवहारात असे दिसते, की कर्मचारी प्रशिक्षणाला जातो, प्रमाणपत्र घेऊन परततो, प्रमाणपत्राची प्रत त्याच्या सेवानोंदीत लागते आणि विषय संपतो. तो काय शिकून आला, आणि जे शिकला ते त्याला करता येते काय, हे कोणी व कसे ठरवावे, हा प्रश्न मागेच राहतो आणि तोच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नात प्रथमच एक गल्लत दूर करावी लागते. प्रशिक्षणक्रम चांगला होता काय आणि प्रशिक्षणार्थी तयार झाला काय, हे दोन वेगळे प्रश्न असून बहुतेक ठिकाणी पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे मानले जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखमालेत प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांत मांडले: प्रशिक्षणार्थीला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याच्या वागण्यात काय फरक पडला आणि त्यातून संस्थेला काय साधले. शेवटच्या दिवशी चहाच्या आधी वाटले जाणारे अभिप्राय पत्रक ही यांतली फक्त पहिली पायरी होय. व्याख्याता आवडला, जेवण बरे होते, वर्ग वेळेवर सुरू झाले, एवढेच त्यातून कळते. आणि सर्वांना सुखावणारा, कोणालाही अवघड प्रश्न न विचारणारा प्रशिक्षक या पत्रकात सर्वाधिक गुण मिळवू शकतो, ही त्याची मोठी उणीव आहे.

दुसऱ्या पायरीसाठी लेखी परीक्षा असते आणि तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. भारतीय सहकाराला अर्थशास्त्राची बैठक देणाऱ्या धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने नागपुरात सहकारी व्यवस्थापनाची संस्था चालते. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमांत कायदा, हिशेब आणि लेखापरीक्षण यांची लेखी परीक्षा हवीच, कारण ज्याला कलम १०१ खालील वसुली दाखल्याची कार्यपद्धती माहीत नाही त्याच्या हाती थकबाकीची यादी देणे धोक्याचे आहे. परंतु कलम १०१ काय म्हणते हे जाणणे आणि कोणत्या कर्जदाराच्या बाबतीत त्या वाटेने जावे, कोणाला आधी बोलावून हप्ते नव्याने बांधून द्यावेत, हे ओळखणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट स्मरणाची, दुसरी विवेकाची. व्यवस्थापन म्हणजे अपुरी माहिती, अपुरा वेळ आणि अनेक माणसे यांच्यामध्ये राहून निर्णय घेणे. तीन तास एकट्याने, शांत खोलीत लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत यांपैकी एकही अट पाळली जात नाही.

विदर्भाला या बाबतीत दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे मुख्यालय नागपुरात असून तिच्या खाणी चंद्रपूर, वणी, उमरेड या परिसरांत पसरल्या आहेत. कोळसा खाणीत माणसांवर देखरेख करणाऱ्याला, मग तो सरदार असो, ओव्हरमन असो किंवा व्यवस्थापक असो, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या व्यवस्थेतून मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र लागते. आणि व्यवस्थापकाच्या परीक्षेत खाण व्यवस्थापन, कायदा व सुरक्षा हा स्वतंत्र विषय असला तरी केवळ परीक्षेने प्रमाणपत्र मिळत नाही, प्रत्यक्ष खाणीतील अनुभव आणि प्रथमोपचाराची पात्रताही दाखवावी लागते. सरदाराला त्याखेरीज वायुचाचणी यावी लागते. या चाचणीचे जुने साधन म्हणजे ज्योतीचा सुरक्षा दिवा. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताशी साचतो. म्हणून दिव्याची ज्योत अगदी बारीक करून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा आणि ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते काय, चढली तर किती उंच, हे डोळ्यांनी पाहायचे असते, कारण टोपीच्या उंचीवरून हवेतील वायूचे प्रमाण कळते. दिवा घाईने वर नेला आणि वायूचा साठा दाट असला तर ज्योत विझते आणि अंधारात चाचणी फुकट जाते. आता विजेवर चालणारी मापके आली असली, तरी या चाचणीमागचे तत्त्व तेच राहते: ज्याच्या निर्णयावर इतरांचे प्राण अवलंबून आहेत त्याने उत्तर सांगून भागत नाही, हात स्थिर ठेवून, घाई न करता, ते करून दाखवावे लागते, आणि पाहणाऱ्याने ते आपल्या डोळ्यांदेखत पाहावे लागते. १९५७ पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या प्रशिक्षणातही कवायत आणि आज्ञा देणे यांना स्थान आहे ते याच कारणाने.

आता शाखेचा कारभार खाणीइतका उघड धोक्याचा नसतो, म्हणून तिथे करून दाखवण्याची चाचणी शक्य नाही असा समज आहे. तो बरोबर नाही. गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत विकसित झालेली ‘टपाल चाचणी’ हे त्यासाठीचे उत्तम साधन आहे. प्रशिक्षणार्थीसमोर एका व्यवस्थापकाच्या टेबलावर एका सकाळी साचलेले कागद ठेवले जातात आणि ठरावीक वेळेत त्याने प्रत्येकाचे काय करायचे ते लिहायचे असते: स्वतः काय हाताळावे, कोणाकडे काय सोपवावे, काय उद्यावर टाकावे आणि कशासाठी लगेच फोन उचलावा. इतवारीतील एखाद्या पतसंस्थेसाठी ही चाचणी रचायची झाल्यास त्या टपालात सहायक निबंधक कार्यालयाचे दोषदुरुस्ती अहवाल मागणारे पत्र असेल. रोखपालाच्या मुलाला ताप असल्याने त्याचा सुटीचा अर्ज असेल. अध्यक्षांच्या परिचयातील व्यापाऱ्याला आजच कर्ज मंजूर करावे अशी चिठ्ठी असेल. सोनेतारणातील एका बांगडीचे वजन आणि मूल्यांककाच्या दाखल्यातील वजन जुळत नाही अशी लिपिकाची नोंद असेल. आणि या सगळ्याच्या तळाशी, एका म्हाताऱ्या ठेवीदार बाईंचे साध्या वहीच्या कागदावरचे पत्र असेल, की दैनिक ठेवीचा प्रतिनिधी दोन आठवडे पैसे नेतो आहे पण पासबुकावर नोंद करत नाही.

या टपालात कोणता कागद सर्वांत महत्त्वाचा आहे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. निबंधक कार्यालयाचे पत्र मोठ्या शिक्क्याचे म्हणून अनेकजण त्याच्या उत्तराला बसतील. मात्र दैनिक ठेवीच्या तक्रारीत गैरव्यवहाराची शक्यता आहे, ती एका खात्यापुरती असेलच असे नाही आणि प्रत्येक जाणाऱ्या दिवसाबरोबर नुकसान वाढते. म्हणून तो कागद वर काढणारा, त्याच प्रतिनिधीच्या इतर खात्यांचे पासबुक व खतावणी यांची पडताळणी त्याच दिवशी सुरू करणारा, पण चौकशीपूर्वी कोणावरही आरोप न करणारा प्रशिक्षणार्थी आपल्याला व्यवस्थापन येते हे दाखवून देतो. अध्यक्षांच्या चिठ्ठीला तो काय लिहून उत्तर देतो, नकार कोणत्या शब्दांत देतो, आणि रोखपालाच्या अर्जाला किती माणुसकीने पण पर्यायी व्यवस्था लावून मान्यता देतो, हेही तेवढेच बोलके असते. परीक्षकाने नंतर बसून, हा कागद आधी का घेतला, असे विचारले म्हणजे उत्तराइतकाच उत्तरामागचा विचारही उघड होतो. वर्गातल्या चांगल्या व्याख्यानापेक्षा अशा एका सकाळीतून प्रशिक्षणार्थी अधिक शिकतो, असे म्हणण्यास जागा आहे. चांगले मूल्यमापन स्वतःच शिक्षण असते ते असे.

गटात माणूस कसा वागतो हे पाहण्याची रीत सैन्यातून आली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रिटनने अधिकारी निवडण्यासाठी मंडळे स्थापली आणि नेमलेला नेता नसलेल्या गटाला काम देऊन नेतृत्व कोठून उगवते ते पाहण्याची पद्धत त्यांत रूढ झाली. भारतीय सेनादलांच्या निवड मंडळांत हीच परंपरा पुढे चालली असून, मनसा, वाचा, कर्मणा या आपल्या जुन्या त्रयीनुसार मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे मन, मुलाखतकार त्याचे बोलणे आणि गटचाचणी अधिकारी त्याची कृती पाहतो, व तिघांचे निष्कर्ष जुळतात काय यावर निर्णय होतो. कोणा एकाच्या मतावर माणसाचे भवितव्य ठरू नये, हा यातील मोलाचा भाग आहे. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी दिलेले गुण तपासून दाखवले, की एका गुणाबद्दल मत चांगले झाले की त्याची आभा इतर सर्व गुणांवर पडते. देखणा आणि ऐटबाज अधिकारी बुद्धिमानही ठरतो, विश्वासूही ठरतो. याला मराठीत प्रभावळीचा दोष म्हणता येईल. गटचर्चेत मोठ्याने बोलणारा पुढारी ठरतो आणि मोजके बोलून भांडण मिटवणारा मागे राहतो, तेव्हा हाच दोष काम करत असतो.

त्यावर उपाय अवघड नाही, पण चिकाटीचा आहे. परीक्षकाने आधी पाहावे, मग जे घडले ते घडले त्या शब्दांत टिपावे, नंतर ती टिपणे कोणत्या गुणाशी संबंधित आहेत ते लावावे आणि गुण सर्वांत शेवटी द्यावेत. ‘नेतृत्व चांगले’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘दोन सहकाऱ्यांचे बोलणे तोडले गेले तेव्हा त्यांना पुन्हा बोलायला लावले’ ही नोंद उपयोगाची, कारण तिच्यावर दुसरा परीक्षक वाद घालू शकतो आणि प्रशिक्षणार्थी स्वतः काही शिकू शकतो.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. इतवारीतील शाखाधिकारी दिवसभर मराठीत, हिंदीत, क्वचित मारवाडीत आणि गुजरातीत व्यवहार करतो. त्याचे व्यवस्थापन इंग्रजीतील प्रश्नपत्रिकेने तपासले तर त्याचे इंग्रजीच तपासले जाते, आणि वर्धा किंवा भंडाऱ्याच्या खेड्यातून आलेला, गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारा माणूस शहरी शाळेत शिकलेल्या सहकाऱ्यापेक्षा मागे पडतो. हा अन्याय आहे आणि तो टाळणे पूर्णपणे प्रशिक्षण संस्थेच्या हाती आहे.

तिसरी पायरी, म्हणजे कामावर परतल्यावरचे वागणे, ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. येथेही नागपूरच्या इतिहासात शिकण्यासारखे आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळाने कारखान्यातील निवडक कामगारांना श्रमिक शिक्षक म्हणून तयार केले व परत आपल्याच कारखान्यात पाठवून तेथे सहकाऱ्यांचे वर्ग चालवण्याचे काम दिले. या रचनेत अशा शिक्षकाची खरी कसोटी आपोआप कामाच्या जागी लागत असे. वर्ग भरतो काय, पाळी संपवून थकलेला कामगार बसून राहतो काय, यावरूनच शिक्षण उतरले की नाही ते कळे. व्यवस्थापन प्रशिक्षणात ही सोय मुद्दाम करावी लागते. शिबिर संपताना प्रशिक्षणार्थीने परतल्यावर करायचे एक निश्चित काम ठरवावे, म्हणजे उदाहरणार्थ तीन महिन्यांत शाखेतील सोनेतारणाच्या प्रत्येक पाकिटाची दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी होईल अशी पद्धत बसवणे. आणि त्या मुदतीनंतर प्रशिक्षकाने शाखेत जाऊन, कागद पाहून, लिपिक व रोखपाल यांच्याशी बोलून ते झाले काय हे तपासावे.

असे तपासताना एक गोष्ट वारंवार आढळण्याचा संभव आहे, ती अशी, की प्रशिक्षणार्थीने पद्धत सुचवली परंतु वरिष्ठांनी ती चालू दिली नाही. अशा वेळी त्याला नापास ठरवणे चुकीचे होय. प्रशिक्षणाला कोणाला, कशासाठी पाठवले, परतल्यावर त्याला किती मोकळीक दिली, याचे उत्तर पाठवणाऱ्या संचालक मंडळाने द्यायचे असते आणि मूल्यमापनाच्या अहवालात त्याची नोंद असली पाहिजे. माणसाला तयार करणे आणि त्याला काम करू देणे या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच संस्थेच्या आहेत. इतवारीपासून फार दूर नसलेल्या एम्प्रेस मिलचा कारभार १ जानेवारी १८७७ पासून चालला, त्याची धुरा जमशेटजी टाटांनी सूतगिरणीचा अनुभव नसलेल्या, रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेल्या बेझनजी मेहता यांच्याकडे दिली होती. त्यांची पारख त्यांच्या माहितीवरून न होता त्यांच्या कर्तबगारीवरून झाली आणि पारख केल्यावर त्यांना काम करायला वावही मिळाला.

शेवटी या अहवालाचे काय करायचे, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच देणे इष्ट आहे. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत १९५६ पासून डग्लस ब्रे यांनी तरुण व्यवस्थापकांची अशीच पाहणी केली, तेव्हा तिचे निष्कर्ष त्यांच्या वरिष्ठांपासून गुप्त ठेवले, म्हणजे निष्कर्षांमुळेच बढती मिळाली किंवा रोखली गेली असे होऊ नये; वर्षे लोटल्यावर कोण कोठवर पोहोचला ते ताडून पाहिले, तेव्हाच पद्धतीची विश्वसनीयता कळली. लहान पतसंस्थेला एवढा धीर धरणे शक्य नसले, तरी एक भेद तिला पाळता येतो. बढतीसाठीचे मूल्यमापन आणि सुधारणेसाठीचे मूल्यमापन एकाच कागदावर होऊ नये. बढती टांगणीला असेल तर प्रशिक्षणार्थी आपली उणीव लपवतो आणि जे शिकवायला हवे तेच दिसेनासे होते. सुधारणेसाठीचा अहवाल प्रथम त्या माणसाच्या हाती, बंद पाकिटात आणि प्रशिक्षकाशी अर्धा तास बोलून द्यावा. त्यातील काय संस्थेला कळवावे हे त्याच्या संमतीने ठरावे. आणि बढतीचा विचार होईल तेव्हा त्यासाठी वेगळी, सर्वांना आधी सांगितलेली चाचणी, दुसऱ्या परीक्षकांकडून घेतली जावी.