प्रमाणपत्राआधीचे चार प्रश्न

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : विद्यापीठांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मी बरीच वर्षं मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रात काम करतो. त्यामुळे आपल्या ग्रुपवर कुणी सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात टाकली, की पाठोपाठ मला फोन येतो, "हे खरं असतं का रे?" कुणाला मुलासाठी विचारायचं असतं, कुणाला सुनेसाठी. काही जणींना स्वतःसाठीच विचारायचं असतं, पण त्या म्हणतात, "माझ्या एका मैत्रिणीला करायचंय." आजचं बोलणं मुख्यतः त्या मैत्रिणीसाठी आहे.

आपण दहावी झालो १९८९ साली. त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, त्याआधी १९८५ साली. मध्येच शिक्षण सुटलेल्यांसाठी ही दारं उघडली होती. पण शेती, नोकरी, लग्न या गडबडीत आपल्यापैकी अनेकांपर्यंत ती बातमी पोहोचलीच नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर पोहोचली, तरी उशीर झालेला नाही. फक्त पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : प्रमाणपत्र देतंय कोण? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने 'पदवी' हा शब्द राखून ठेवला आहे. ज्याला कायद्याने अधिकार दिला आहे, त्यानेच ती द्यायची. 'प्रमाणपत्र' या शब्दाभोवती असं कुंपण नाही. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर क्लासही प्रमाणपत्र देतो आणि त्यात गैर काही नाही. म्हणून नमुन्याचा कागद मागून घ्या. विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्र देणारं म्हणून छापलंय, की खाली बारीक अक्षरात 'सहकार्याने' म्हणून, ते बघा. आयोगाच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते, तशी बनावट विद्यापीठांचीही असते. दोन्ही बघायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा प्रश्न : पात्रता काय? प्रमाणपत्र म्हणजे दहावीनंतरचं काहीतरी, असा आपला समज असतो. तो खरा नाही. काही अभ्यासक्रमांना लिहिता-वाचता येणं पुरतं, काहींना दहावी किंवा बारावी लागते आणि पदव्युत्तर प्रमाणपत्राला पदवी लागते. नोकरीसाठी करणार असाल तर उलटीकडून सुरुवात करा. आधी त्या नोकरीची जाहिरात वाचा. तिच्यात नेमकी कोणती पात्रता लिहिली आहे ते पाहा आणि मग अभ्यासक्रम निवडा. जाहिरातीत पदविका मागितली असेल, तर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तिथे चालणार नाही.

तिसरा प्रश्न : वेळ किती लागेल? माहितीपुस्तिकेत 'श्रेयांक' असा शब्द असतो. तो बघून घाबरू नका, पण त्याच्यावरून पानही उलटू नका. इग्नूच्या हिशोबात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सोळा श्रेयांकांचं प्रमाणपत्र म्हणजे ४८० तास. सहा महिन्यांत बसवायचं तर रोज अडीच तासांहून थोडं जास्त. घर, दुकान, आजारी सासूबाई हे सगळं सांभाळून ते जमेल का, हे स्वतःला विचारा. नाही जमलं तरी बिघडत नाही. बहुतेक ठिकाणी कमाल मुदत किमान मुदतीपेक्षा बरीच मोठी असते. ती विचारून ठेवा. आणखी एक : स्वाध्याय वेळेत जमा करणं आणि परीक्षेचा अर्ज वेगळा भरणं. केंद्रावर मी पाहतो, माणसं अभ्यासात मागे पडण्याआधी या दोन तारखांना अडकतात.

चौथा प्रश्न : पुढे काय? हा मुलांसाठी जास्त महत्त्वाचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीचं पहिलं वर्ष पुरं करून थांबावं लागलं, तर ४० श्रेयांक आणि सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम यावर प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, पदवी मात्र एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. घरात अडचण आली म्हणून मुलीचं कॉलेज थांबवायची वेळ आली, तर निदान ते वर्ष पुरं होऊ द्या. अर्ध्यात सोडलेल्या वर्षाला हे प्रमाणपत्र मिळत नाही.

आता कागदपत्रं. इथे आपल्या मैत्रिणींची खरी अडवणूक होते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मग विवाह नोंदणीचा दाखला लागतो, काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्र लागतं. ही तयारी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी होत नाही, आधीच करा. प्रमाणपत्रावर कोणतं नाव छापलं जावं, तेही अर्ज भरतानाच ठरवा. दहावीची गुणपत्रिका हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी प्रत मिळते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मात्र आपल्या शाळेतूनच, जनरल रजिस्टरवरून मिळेल.

म्हणून आज शाळेला एक विनंती करतो. आपण माजी विद्यार्थी शाळेला पंखे देतो, कपाटं देतो. ते चालू राहूच दे. त्याच्या जोडीला ज्यांना दुय्यम दाखला हवा आहे अशांची यादी आज संध्याकाळपर्यंत करू. आपल्यातले दोघेजण कार्यालयाशी बोलून ते काम एकत्र करून घेतील. शाळेचं दार पुन्हा एकट्याने चढायला काही जणींना संकोच वाटतो, तो तरी वाचेल.

सर, बाई, तुम्ही आम्हाला प्रश्न वाचून मगच उत्तर लिहायला शिकवलंत. इथेही तेच करायचं आहे. आणि त्या 'मैत्रिणी'ने चहाच्या वेळी मला खुशाल गाठावं. नाव विचारणार नाही, अर्ज भरायला मदत करीन.