दोन मिनिटांचा विमानप्रवास

विमानप्रवास म्हटला कीं महासागर व खंडें ओलांडणारा लांबचा पल्ला मनापुढें उभा राहतो. परंतु श्रोतेहो, जगांत एक नियमित विमानफेरी अशी आहे कीं, उतारूनें कमरेचा पट्टा आवळून खिडकीबाहेर पाहावें, तों विमान उतरावयास लागलेलें असतें.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्याच्या उत्तर भागांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे हीं दोन शेजारचीं बेटें. दोहोंच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, चांगल्या रस्त्यावर माणूस अर्ध्या तासांत पायीं जाईल एवढें. लोगनएअर कंपनीनें १९६७ मध्यें ही फेरी सुरू केली. वेळापत्रकांत तिला २ मिनिटें दिलेलीं असतात. वारा अनुकूल असल्यास ती एका मिनिटाच्या आंतही पुरी होते. ५३ सेकंदांचा उच्चांक नोंदलेला आहे.

आतां थोडा हिशेब पाहावा. या मार्गावरील आयलंडर जातीचें, आठ उतारूंचें विमान ताशीं सुमारें २४० किलोमीटर, म्हणजे मिनिटास ४ किलोमीटर वेगानें जाऊं शकतें. त्रैराशिकाप्रमाणें २.७ किलोमीटरांस ४० सेकंद पुरेत. मग उच्चांकासही ५३ सेकंद कां लागावे? कारण त्रैराशिक वेग एकसारखा धरून चालतें. विमानाचें तसें नाहीं. त्यास स्थिर स्थितींतून वेग घ्यावा लागतो आणि उतरण्यापूर्वीं तो पुन्हां आवरावा लागतो. शिवाय चढतांना व उतरतांना शक्यतों वाऱ्यास सामोरें जावें लागतें. वारा मार्गाच्या दिशेंत नसला तर वळसा आलाच. पल्ला आंखूड असला म्हणजे भर वेगानें सरळ जाण्यास अवकाशच उरत नाहीं.

एवढ्याशा अंतरासाठीं विमान कशाला, असें कोणीही विचारील. मध्यें समुद्र आहे, आणि नावेनें जाण्यास साधारण २५ मिनिटें लागतात, हें एक उत्तर झालें. खरें उत्तर मात्र निराळें आहे. हें विमान मुख्यतः कर्कवॉल या ऑर्कनीच्या राजधानीशीं दोन्ही बेटें जोडण्यासाठीं असतें. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्याही आंत. तेवढ्यांसाठीं वेगळें विमान परवडणें कठीण. म्हणून एकच विमान वाटेंत दोन्ही बेटांस लागून जातें. हा दोन मिनिटांचा तुकडा म्हणजे दोन शेजाऱ्यांनीं एकच गाडी वांटून घेण्याचा व्यवहार होय.

शिक्षक, वैद्य आणि रुग्ण या विमानानें जात-येत असतात. केवळ तिकिटांच्या पैशांवर असली सेवा चालत नाहीं. तीस सार्वजनिक निधीचें साह्य लागतें. हा खर्च व्यर्थ आहे काय? पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवर येथें दगडी घरें आहेत. त्यांतील वस्ती इ. स. पूर्वीं सुमारें ३७०० पर्यंत मागें जाते. इतक्या जुन्या वस्तीचें बेट आज टिकावयाचें, तर मुलास शिक्षक आणि आजाऱ्यास वैद्य वेळेवर मिळाला पाहिजे. तो न मिळाला तर तरुण कुटुंबें निघून जातील, आणि गेलेलीं कुटुंबें सहसा परतत नाहींत.

धुकें वा वादळ असलें कीं विमान उडत नाहीं. त्या दिवशीं नकाशावरील अंतर तेवढेंच असतें. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसास कर्कवॉल फार दूर वाटूं लागतें.