शंभरचं टाक

मंडळी, मांडवात येताना बाहेर लावलेल्या गाड्या मोजायला लागलो आणि चाळीसनंतर नाद सोडला. दोन-चार सायकली, बाकी सगळ्या मोटारसायकली. आज बोलायचं आहे ते त्या गाड्यांच्या टाक्यांविषयी.

आपल्या कोल्हापूर भागात ‘जळण’ हा शब्द अजून जिवंत आहे. आमच्या लहानपणी जळण म्हणजे शेणी, तुरीच्या तुऱ्हाट्या, उसाची चिपाडं. पावसाळ्याआधी ते भरून, झाकून ठेवायचं. त्यात पैसा जात नसे, बायकांची कंबर जात असे. रोख मोजायची ती रॉकेलला, रेशनच्या रांगेत. मग गॅस आला. पण न्हाणीघराकडचा बंब अनेक घरांत अजून चिपाडावरच पेटतो, कारण ती १४.२ किलोची टाकी पाणी तापवण्यात घालवायला कुणाचं मन होत नाही. टाकी कधी लावली, याची खूण कॅलेंडरवर असते. विजेचं बिल खिळ्याला अडकवलेलं असतं. या दोन्ही खर्चांवर घराचा डोळा आहे.

पेट्रोलवर कुणाचाच नाही. पेट्रोलचं बिल घरी येत नाही ना! पंपावर आपण लिटर मागत नाही, ‘शंभरचं टाक’ म्हणतो. भाव वाढला तरी आपले शंभर ते शंभरच. फक्त गाडी थोडी अलीकडे थांबते. जून २०१७ पासून भाव रोज बदलू शकतो, पण शंभराच्या नोटेला त्याचा पत्ता नसतो. मी स्वतः एक महिना वही ठेवली. आधी घरात अंदाज विचारला, तर बाराशे रुपये. वहीत निघाले चोवीसशे. पोरगा म्हणाला, “वहीच बंद करा.”

हा केवळ आमच्या घरचा गोंधळ नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घराच्या शंभर रुपयांतले साधारण साडेसात रुपये प्रवासावर गेले. गाडीचं इंधन आणि तिकिटं त्यातच. जळण आणि विजेवर साडेसहाच्या थोडे वर. तांदूळ, गहू, ज्वारी अशा सगळ्या धान्यावर मिळून पाचांच्याही आत. २०११-१२ मध्ये धान्यावर पावणेअकरा जात होते आणि प्रवासावर सव्वाचारसुद्धा नाहीत. रेशनचं फुकट धान्य हे त्याचं एक कारण खरं. तरी खेड्यातलं घर भाकरीपेक्षा रस्त्यावर जास्त खर्च करतं, हे ऐकून माझ्या आजीनं मला वेड्यात काढलं असतं.

आता म्हणाल, पोरं उंडारतात. उंडारतात थोडी. पण हिशोब करून बघा. वडगावच्या आसपासचा एक मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जातो. येऊन-जाऊन तीस किलोमीटर धरा. महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे ७८० किलोमीटर. गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते असं समजा. साडेपंधरा लिटरच्या वर पेट्रोल लागलं. लिटरला १०५ रुपये धरले तर सोळाशेच्या पुढं. दोन गॅस टाक्यांच्या आसपासची रक्कम नुसती कामावर पोचायला! रात्रपाळी सुटल्यावर एसटी नसते, म्हणून गाडी लागते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण गाडीच्या वेळा अर्ध्यानं वाढल्या नाहीत. बाजाराला वडगावात येणारी बाई अर्ध्या तिकिटात येते आणि जाताना ओझं घेऊन स्टँडवर ताटकळते. शेवटी पोराला फोन करते. ते पेट्रोल कुणाच्या नावावर लिहायचं?

सरकारचा हात यात किती, हेही सांगतो. २०२० मध्ये कच्चं तेल कोसळलं तेव्हा मार्च आणि मे या दोन महिन्यांत पेट्रोलवरचा केंद्राचा कर लिटरमागं तेरा रुपयांनी वाढला. स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही. पुढं काही कर उतरवला गेला, राज्यानंही जुलै २०२२ मध्ये पाच रुपये कमी केले. पेट्रोल मात्र अजून जीएसटीच्या बाहेरच आहे, कारण कोणत्याच सरकारला ही दुभती म्हैस सोडायची नाही.

म्हशीवरून आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यानं गोबरगॅस मनावर घेतला, हे आपल्याला माहीतच आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला दिवसाला पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. तेवढ्यावर एका घराचा स्वयंपाक होतो, शिवाय स्लरी रानात जाते. चुलीचं कोडं गोठ्यात सुटतं. गाडीचं नाही सुटत. विजेची स्कूटर घेतली तर तेच ७८० किलोमीटर पंचवीस-तीस युनिटांत होतील. शंभर युनिटांपुढं दर दुपटीच्या वर जातो, तो धरूनही साडेतीनशे-चारशे रुपये. पण ती घ्यायला एकरकमी लाखाच्या आसपास लागतात, आणि शंभर-शंभरनं पेट्रोल टाकणाऱ्या घरात लाख एका जागी कधी नसतात.

माझ्या वहीचं पुढं काय झालं? घरातल्यांनी ती बंद केली नाही. आता दुधाच्या दहा दिवसांच्या बिलाची नोंद जिथं होते, त्याच पानावर पेट्रोल लिहितो. परवा सूनबाईनं दोन्ही आकडे शेजारी बघितले आणि विचारलं, “मामंजी, म्हैस नक्की कुणासाठी धुतो आपण?”