फडावरचं घर

कसबा पेठेतून बोलते आहे.

आमच्या पेठेत तांबट आळी आहे. पहाटेपासून तिथं हातोड्यांचा ठणठणाट सुरू असतो. बाप ठोकतो, शेजारी मुलगा ठोकतो. कुणी मुद्दाम शिकवायला बसत नाही. लहानपणापासून कानावर पडतं आणि हात आपोआप त्या ठेक्यात येतो. हे ऐकलं की मला माझ्या माहेरची जत्रा आठवते. जत्रेत तमाशाचा फड यायचा. आम्हा मुलींना तो बघायला बंदी होती. पण दुपारी पाण्याला गेलं की ट्रकच्या आडोशाला चूल पेटलेली दिसायची, दोरीवर लुगडी वाळत असायची, आणि एखादं पोर ढोलकीवर थापा मारत बसलेलं असायचं. रात्री जो फड असायचा, ते दिवसा एक घर असायचं. आज त्याच घराविषयी बोलायचं आहे.

फडांच्या पाट्या कधी नीट वाचल्यात का? ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’ ही दोन भावांची नावं. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ ही मुलाची आणि आईची. ‘मंगला बनसोडे आणि नितीनकुमार’ हीसुद्धा आई आणि मुलगाच. नुसत्या पाट्या वाचल्या तरी कळतं, की तमाशा हा कुटुंबाचा धंदा आहे. आई लावणीला उभी, मुलगा सोंगाड्या, कुणी ढोलकीला, कुणी तुणतुण्याला, कुणी झील धरायला मागे. गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा खेळ घरातलीच माणसं ओढून नेतात.

यातलं सगळ्यांत मोठं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. फड आजोबांनी, नारायण खुडे यांनी उभा केला. ते शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. पुढे वडील आणि चुलत्यांनी तो चालवला. विठाबाई त्यातच वाढल्या. शाळेत मन रमलं नाही, पण लहानपणीच फडावर उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांच्या नावावर गावंच्या गावं लोटू लागली. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

त्यांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा फडावर यायला निघाल्या. लोकांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असं सांगतात.

ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. बाई किती धीराची, म्हणतो. धीराची होतीच. पण मला विचारावंसं वाटतं, की त्या रात्री तिला उभं राहावं का लागलं? सुपारी घेतलेली असते. उचल आधीच खर्च झालेली असते. एक खेळ बुडाला तर तिच्या एकटीच्या नाही, सगळ्या फडाच्या चुली विझतात. घरचाच धंदा असला की रजा मागायची कुणाकडे?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या डोंगराळ भागात घरच्या घरी गाणाऱ्या कुटुंबांची जुनी रीत आहे. बाप, आई, पोरं, आणि हातात गिटार, बँजो, फिडल. तिथलं ब्लूग्रास नावाचं संगीत याच मातीतून आलं. कार्टर घराणं त्यातलं फार मोठं. १९२७च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी त्यांची पहिली गाणी ध्वनिमुद्रित झाली. गिटार वाजवणारी मेबेल तेव्हा पोटुशी होती आणि दिवस भरत आले होते. पुढच्याच महिन्यात तिला मुलगी झाली. तीच हेलन मोठी होऊन बहिणींसह आईच्या शेजारी उभी राहून गायली. कुठं ब्रिस्टल आणि कुठं नारायणगाव! पण पोटातलं पोर दोन्हीकडे सूर ऐकतच जन्माला आलं.

आता कांताबाई सातारकरांचं ऐका. दगडखाणीत राबणाऱ्या आईबापांची ही लेक. तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांनी नाव कमावलं. वगात त्या पुरुषाचं पात्रही ठसक्यात उभं करायच्या. १९६४ साली तुकाराम खेडकर गेले आणि ज्या फडासाठी राबल्या, त्यातूनच मुलं घेऊन बाहेर पडायची वेळ आली. मग दुसऱ्यांच्या फडांत काम केलं, पै पै जोडली आणि स्वतःचा फड उभा केला. मुलींना आणि मुलाला हाताशी धरलं. मुलगा रघुवीर नावाजलेला सोंगाड्या झाला. कांताबाई २०२१ साली गेल्या.

विठाबाईंचा शेवट मात्र चटका लावून जातो. राष्ट्रपतींचं पदक घरात होतं, पण हातात पैसा नव्हता. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. पुढे २००६पासून सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. तो कांताबाईंना मिळाला, विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. चांगलंच झालं. पण हयातीत मिळालेला आधार वेगळा असतो.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी घरच्यांसोबत गोठा सांभाळतं, कुणी पापड लाटतं, कुणी मसाला कांडतं. घरचं काम म्हणून मजुरीचा हिशोब नाही, सुट्टी नाही. घर एकत्र राबतं यात गोडी आहेच. पोरं आईच्या हाताखाली शिकतात, ते कुठल्या शाळेत मिळायचं नाही. पण दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर येतं? उद्या घरात काही वाईट घडलं, तर त्या धंद्यावर तुमचं नाव आहे का? कांताबाईंना तो प्रश्न पदरी पोरं असताना पडला. आपण तो आधीच विचारू या. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढं एकच सांगायचं, की माझ्या नावावर काय आहे.

आणि दुसरं. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथं सुपारी द्यायला येतात. तुमच्या गावचेही जात असतील. बिदागी किती, यावर घासाघीस होते. पण बायकांना अंघोळीला आडोसा कुठं, संडास कुठं, पिण्याचं पाणी कुठं, यावर कोण बोलतं? जत्रा कमिटीत बाई नसेल, तर ग्रामसभेत उठून विचारा. फडासोबत तान्ही पोरं असतात, कुणी पोटुशी असते. अंगणवाडीताईंना सांगून ठेवलं, आशाताई एक फेरी मारून आल्या, तर गावाचं काही जात नाही.

रात्री त्या बाईला बघायला गाव जमतो. दिवसा तिला एक हंडा पाणी द्यायला आपण चौघी तरी जाऊ या. माझ्या लहानपणी आम्ही लांबून बघून परत फिरलो, ती रुखरुख मला अजून आहे.

पुन्हा भेटूच. नमस्कार.