दुखणं नसेचं आहे का?

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. अशा तक्रारीवर पुष्कळदा नेहमीची वेदनाशामक गोळी दिली जाते. नसेच्या दुखण्यावर ती फारशी चालत नाही. त्याची औषधं वेगळी. म्हणून आधी दुखण्याची ओळख पटायला हवी.

त्यासाठी फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये 'डीएन फोर' ही प्रश्नावली मांडली. आग होते का, बोचरा गारठा जाणवतो का, विजेचा झटका बसल्यासारखं होतं का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, असे सात प्रश्न. मग तपासणी : स्पर्श कमी कळतो का, सुईची टोच कमी लागते का, मऊ ब्रश फिरवला तर दुखतं का. दहापैकी चार किंवा अधिक उत्तरं 'हो' आली, तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता बळावते. कारण मात्र वेगळं शोधावं लागतं.

या प्रश्नावलीला यंत्र नको, प्रयोगशाळा नको, काही मिनिटं पुरतात. उलट, नसांमधून संदेश जाण्याचा वेग मोजणारी महागडी चाचणी नसांमधल्या जाड तंतूंचीच स्थिती सांगते. बारीक तंतू बिघडले असले तरी अहवाल नॉर्मल येऊ शकतो. इतकं सोपं साधन तज्ज्ञांपुरतं राहणं मला पटत नाही. असं दुखणं अनेकदा मधुमेहातून येतं, आणि मधुमेहाचे रुग्ण आधी जवळच्या डॉक्टरांकडेच जातात, तिथेच हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

आणि श्रोतेहो, तुम्हीही डॉक्टरांना कुठे दुखतं यासोबत कसं दुखतं, तेही नीट सांगा.